मिठाचं पाणी

गोथेनबर्ग, ९ ऑक्टोबर २०२२

प्रिय गुनवोर,

फोनच करणार होते. पण फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला वाजतं आणि चौथ्या मिनिटाला तू ठेवून देतेस. आईला पुरल्यापासून दीड वर्षात असे तीन फोन झाले. पत्रही तू अर्धवट ठेवशील, पण निदान माझं बोलणं पुरं झालेलं असेल.

सांगायच्या गोष्टी दोन आहेत. ऑगस्टमध्ये आमच्या चर्चमध्ये एक लग्न होतं. नवरी आत यायला लागली, मी ऑर्गनवर बसलेली. पायाने वाजवायच्या खालच्या पट्ट्यांवर डावा पाय ठेवला आणि तो कुठे पडला हेच मला कळेना. तीस वर्षं मी त्या पट्ट्यांकडे बघून वाजवलेलं नाही. त्या दिवशी वाकून बघावं लागलं. लग्नघरच्यांच्या काही लक्षात आलं नाही, आमच्या पाद्रीबाईंच्या आलं. त्यांनीच मला डॉक्टरकडे धाडलं. रक्त तपासलं. माझ्यातही ते आहे, गुनवोर. तुझ्यात आहे तेच. आपल्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचाच आजार.

ही वाईट गोष्ट झाली. आता दुसरी. आपली लिव्हर एक प्रथिन चुकीचं बनवते आणि ते गाळासारखं नसांत साचत जातं, हे मी तुला काय सांगू? तुझ्या वेळी अख्खी लिव्हरच बदलावी लागली. आता उमेओला एक नवा प्रयोग सुरू होतोय. सलाईनसारखं औषध एकदाच चढवतात. त्यातून लिव्हरच्या पेशींत जणू एक कात्री जाते, बिघडलेलं जनुक कापून बंद करते, आणि लिव्हर ते प्रथिन बनवायचंच सोडून देते. कायमचं. एका दुपारचं काम. मला त्यात घेतलंय.

एक मेख आहे. तिघांतल्या दोघांना औषध मिळणार, तिसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं ते आम्हालाही सांगणार नाहीत आणि तिथल्या डॉक्टरांनाही. दर तीन महिन्यांनी टोचायचं एक औषध बाजारात आहे, त्याने आजार मंदावतो म्हणे, पण प्रयोगात असेपर्यंत ते घ्यायचं नाही. मी सही केली.

पहिले दोन दिवस घरचं कुणीतरी सोबत असावं, असं ते म्हणतात. मला घरचं म्हणजे तूच. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येशील? तुझ्याकडून बसने अडीच तास.

तुझी,
मारिट


लोंगविक, २१ ऑक्टोबर २०२२

प्रिय मारिट,

अभिनंदन. असंच म्हणायचं असतं ना?

तुझं पत्र मी पुरं वाचलं, मध्ये ठेवलं नाही. तर शेवटी तुला तपासून घ्यावंसं वाटलं. माझ्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते, धाकटीनेही एकदा रक्त द्यावं. तू म्हणालीस, मला कळून काय करायचंय, माझ्या मैफली लागल्यात. एकवीस वर्षं झाली त्याला.

एका दुपारचं काम. मला अकरा तास उघडून ठेवलं होतं. चार महिने स्टॉकहोमला, तीन वेळा ताप, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत सकाळ-संध्याकाळ गोळ्या, नाहीतर अंग त्या परक्या लिव्हरला हाकलून देईल. एवढं करून गाळ बसायचा थांबला, बसलेला गेला नाही. पाय गेले ते गेलेच. तुला माहीत आहे, मी काठ्यांवर चालते. कोणत्या काठ्या ते आठवत असेल. जिल्ह्याच्या शर्यतीत ज्या घेऊन मी स्कीइंग केलं त्याच. टोकं काढून रबर लावलंय.

येणं जमायचं नाही. त्याच आठवड्यात बर्येच्या गुडघ्याचं काहीतरी आहे, नवऱ्याला सोडून कशी येऊ?

तुला दुपार सुखाची जावो. लोकरीचे मोजे ने, इस्पितळात थंडी असते.

गुनवोर


गोथेनबर्ग, ११ डिसेंबर २०२२

प्रिय गुनवोर,

झालं एकदाचं. एकटीच गेले, एकटीच आले. बर्येचा गुडघा कसा आहे?

औषधाच्या पिशवीवर तपकिरी कापडी खोळ होती आणि नळीवरसुद्धा. आतलं पांढरं आहे की नितळ, कुणाला दिसू नये म्हणून. शेजारी आनेली नावाची नर्स बसली होती. ती तुमच्याकडची, बुर्येओची. "हो" म्हणायच्या ऐवजी आपल्यासारखाच श्वास आत ओढते. मी विचारलं, "खरं औषध असलं तर कळतं का हो?" तिने श्वास ओढला नाही. म्हणाली, "सगळ्यांनाच वाटतं आपल्याला खरं मिळालं. मी कुणाला काही सांगत नाही, कारण मलाच माहीत नसतं."

पण मला कळलंय. चढवायला लागल्यावर तासाभरात माझे गाल तापले, मान लाल झाली, पाठ दुखायला लागली. मिठाच्या पाण्याने असं होईल का? घरी आल्यापासून तळपायांत ऊब जाणवते. काल ऑर्गनवर डावा पाय तीनदा बरोबर पडला. मी एकटीच त्या रिकाम्या चर्चमध्ये हसले.

डॉक्टरांना मी योआरचं विचारलं. तुझ्या पोराला वगळून मी माझंच बघतेय असं तुला वाटायला नको. ते म्हणाले, ही कात्री फक्त लिव्हरमध्ये जाते, पुढच्या पिढीत काही उतरत नाही. योआरमध्ये ते जनुक असलंच तर त्याचं त्याला वेगळं करावं लागेल. मी म्हटलं, "मग बीजातच का कापून टाकत नाही? एकदाच, सगळ्या घराण्याचं?" म्हणाले, कायद्याने बंदी आहे, आणि असायलाच हवी. जी माणसं अजून जन्मलीच नाहीत त्यांना विचारणार कसं? चुकीचं काही कापलं गेलं तर ती चूकही पिढ्यानपिढ्या चालेल. शिवाय आज हा आजार, उद्या उंची, परवा डोळ्यांचा रंग. मला पटलं. तुला काय वाटतं?

मारिट


लोंगविक, ६ जानेवारी २०२३

मारिट,

मला काय वाटतं ते विचारलंस, म्हणून सांगते. नंतर म्हणू नकोस.

बर्येच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. तो रोज बर्फाला भोक पाडून मासे धरतो.

त्या प्रयोगाला मी तुझ्याआधी अर्ज केला होता. मे महिन्यात. आपल्या आजाराच्या रुग्ण-संघटनेच्या पत्रकात आलं आणि मी त्याच दिवशी फोन लावला. तुझ्या त्या आनेलीशीच बोलले. चांगली आहे बाई. तिने सगळं लिहून घेतलं आणि आठ दिवसांनी तिचाच फोन आला. ज्यांची लिव्हर बदललीय त्यांना घेत नाहीत. कापायचं ते जनुक माझ्या लिव्हरमध्ये आता नाहीच. ती आधीच दुसऱ्याची आहे. बरोबरच आहे. मीही श्वास आत ओढला, फोन ठेवला आणि सरपणाच्या खोलीत जाऊन बसले. बर्येला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

आणि ऑक्टोबरात तुझं पत्र आलं.

आता नीट वाच. तुझे पाय बधिर झालेत हे वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. एकवीस वर्षं मी समजत होते की आईने मला ते दिलं आणि तुला दिलं नाही. आईतही ते होतंच, पण तिला ते शेवटपर्यंत चावलं नाही, शहाऐंशीव्या वर्षी ती बेरी गोळा करायला रानात जायची. ती चालायची, तू चालायचीस, मी एकटीच धडपडायची. तुमच्यामागून बर्फातून येताना तुम्हा दोघींच्या पाठी बघायची. म्हणून त्या तीन ओळी वाचताना वाटलं, चला, मी एकटी नाही. तेवढंच सुख. पुढच्या परिच्छेदात तू तेही काढून घेतलंस.

मला पोटात दुखतं, मारिट. ह्या आजाराने दुखतं ते वेगळं. तू उमेओला गेलीस त्या दिवशी मी दुपारभर खिडकीत बसून एकच गोष्ट मनात म्हणत होते. मिठाचं पाणी निघू दे.

बीजात कापण्याचं म्हणशील, तर तुझ्या डॉक्टरांचं सगळं शहाणपण मला मान्य आहे. पण मला कुणी विचारलं असतं, तर मी आईच्या पोटातच कापून मागितलं असतं. जन्मायच्या आधी विचारता येत नाही म्हणतात. जन्मल्यावर तरी कुठे विचारलं?

गुनवोर


गोथेनबर्ग, १५ ऑक्टोबर २०२३

गुनवोर,

नऊ महिने लागले मला. तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं.

तू खरं लिहिलंस हे बरं केलंस, असं म्हणणार होते. नाही म्हणत. काही गोष्टी माणसाने सरपणाच्या खोलीतच ठेवाव्यात.

पण तू मांडलंस, तर मीही मांडते. तुला वाटतं हेवा फक्त तुलाच करता येतो? लहानपणी घरात तुझे चषक, भिंतीवर तुझे फोटो, रविवारी तुझ्या शर्यतीला सगळं घर. मी थर्मासमधली कॉफी ओतणारी. मग तू आजारी पडलीस, आणि मला वाटलं, आता तरी. पण तुझा आजारसुद्धा तुझ्या चषकांएवढाच मोठा निघाला. दोन हजार एक साली मे महिन्यात माझी उशिरा घेतलेल्या पदवीची शेवटची मैफल होती. पहिल्या रांगेत मी दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. आई आली नाही, ती स्टॉकहोमला तुझ्या उशाशी. बाबा आले नाहीत, ते तुझ्या घरी लहानग्या योआरपाशी. मी त्या दोन खुर्च्यांकडे बघत वाजवलं. नंतर आईला फोन केला तर म्हणाली, "आज गुनवोरने थोडं सूप घेतलं." तुझ्या सूपाचाही मला हेवा वाटला. मग माझ्या मनात आलं, आपल्यालाही झालं असतं तर. म्हणून मी रक्त दिलं नाही. मैफली होत्या म्हणून नव्हे. मला भीती होती की नाही निघेल, आणि तशीच भीती होती की हो निघेल.

असो. आता माझं बरं चाललंय, हे तुला आवडो न आवडो. वर्षाची तपासणी महिनाभरावर आली. सहा महिन्यांच्या तपासणीत सगळं ठीक होतं. वजन सहा किलो उतरलंय, कारण मी शहाण्यासारखी जेवते. उन्हाळ्यात एका मैत्रिणीच्या कॉटेजवर गेले होते, तिथल्या सौनाच्या वाफेत मी भट्टीच्या कठड्याला पाय लावून गप्पा मारत बसले, आणि उठल्यावर बघते तर टाचेला हा एवढा फोड! वेंधळी ती वेंधळीच. बूट एक नंबर मोठे घेतले, ते आरामाचे पडतात. जिने उतरताना कठडा धरते, पंचावन्नाव्या वर्षी धरावाच. नव्या रचनांत पायाचं काम कमी असलेल्या निवडते, लोकांना हल्ली हलकंच आवडतं.

तेव्हा तुझी प्रार्थना काही फळली नाही.

मारिट


लोंगविक, २९ ऑक्टोबर २०२३

मारिट,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. खुर्च्यांचं एकदाच वाचता आलं. बाकीचं चारदा.

मैफलीचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तू म्हणशील, मी विचारलं नव्हतं. तेही खरं.

आता माझं ऐक. टाचेला फोड आला तेव्हा दुखलं का? दुखलं असतं तर तू पाय काढला असतास. नव्याण्णव साली मी शेकोटीशी बसून असाच बूट जाळला होता, पायासकट. वास कसला येतोय म्हणून बर्येने ओरडून सांगितलं तेव्हा बघितलं. मी पण हसले होते. वेंधळी म्हणाले होते.

मोठे बूट मीही घेतले होते. बोटं बुटात नीट बसलीत की दुमडलीत हे कळेनासं होतं, म्हणून लहान बूट चावतात असं वाटतं. वजन मीही शहाण्यासारखं जेवून उतरवलं होतं. खरं सांगायचं तर पोट इतकं बिघडायचं की मी बसने कुठे जायचं असलं की आदल्या दिवसापासून उपाशी राहायची. एकदा बसमध्येच झालं. मी शेवटच्या थांब्यापर्यंत उठले नाही, सगळे उतरेपर्यंत बसून राहिले, मग अंगातला कोट कमरेला बांधून पाच किलोमीटर चालत घरी आले. हे मी बर्येला सांगितलेलं नाही, आईला नाही, डॉक्टरांनाही वर्षभर नाही. त्या वर्षात जे गेलं ते परत आलं नाही. तू कशाला लपवतेस ते मला माहीत आहे, म्हणून सांगतेय.

तुला औषध मिळालेलं नाही, मारिट. ज्यांना मिळालं त्यांचं पुढे जायचं थांबतं. तुझं थांबलेलं नाही.

आनेलीला सांग. मला तिनेच फोनवर समजावलं होतं की कुणाचं बिघडतंय असं मोजून ठरलं, तर त्याला काय मिळालं ते लिहिलेलं बंद पाकीट उघडतात, आणि मिठाचं पाणी निघालं तर खरं औषध देतात. पण आधी मोजायला तर हवं. तू त्यांना खरं सांगत नाहीस, हो ना?

गुनवोर


गोथेनबर्ग, १२ नोव्हेंबर २०२३

गुनवोर,

कमाल आहे तुझी. वर्षभर देवाकडे मिठाचं पाणी मागितलंस आणि आता तुझा तुलाच साक्षात्कार झाला की तेच मिळालं!

तुला मी बरी झालेली नको आहे. हे मी म्हणत नाही, तूच लिहून दिलंयस, तुझ्या अक्षरात, तारखेसकट. माझ्या टेबलाच्या खणात आहे ते पत्र. तुझ्या पाठीमागे कुणीतरी धडपडत यायला हवंय तुला. तुझी पाठ बघत येणारं एक तरी कुणी हवंय.

आणि समज, तू म्हणतेस तसं बिघडतंय. पाकीट उघडलं आणि आत खरं औषध निघालं तर? म्हणजे कात्री गेली, तिने कापलं, आणि तरी माझं थांबलं नाही. मग माझ्यापाशी काय उरलं? हा विचार तुझ्या मनात एकदा तरी आला का?

काल तपासणी होऊन आले. डोळे मिटायला लावतात आणि पायाला कापूस, सुई, थंड चमचा लावतात. लागलं की हो म्हणायचं. माझी सगळी उत्तरं बरोबर आली. चालायचीही परीक्षा पास झाले. आता पुढची सहा महिन्यांनी.

तोवर मला लिहू नकोस. तुझा सल्ला मला नको आणि तुझी काळजी त्याहून नको.

मारिट


लोंगविक, २१ नोव्हेंबर २०२३

मारिट,

लिहू नकोस म्हणालीस, तरी हे एवढं तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

आज सकाळी नऊ वाजता मी आनेलीला फोन केला. ती म्हणाली, "मला तुमच्या बहिणीबद्दल एक अक्षर बोलता यायचं नाही." मी म्हटलं, "बोलू नका, ऐका." टाचेच्या फोडाचं सांगितलं, बुटांचं, वजनाचं, जिन्याचं. शिवाय सांगितलं की माझी बहीण वाजवणारी बाई आहे, तिचे कान फार तिखट आहेत. तुम्ही चमचा उचलता त्याचा आवाज ऐकून ती हो म्हणते. पुढच्या वेळी तिच्या कानात बोळे घाला आणि अधूनमधून काहीच लावू नका, तरी ती हो म्हणते का बघा.

तिने ते लिहून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही हे का सांगताय?" मी म्हटलं, "तिच्यावर जळते म्हणून तिच्याकडे माझं बारीक लक्ष असतं."

आता काय शिव्या द्यायच्या त्या दे.

गुनवोर


गोथेनबर्ग, १४ एप्रिल २०२४

प्रिय गुनवोर,

डिसेंबरात मला बोलावून घेतलं. आनेलीने माझ्या कानात बोळे घातले आणि मला कळलं, हे कुणाचं काम. बोळे घातल्यावर मी अंधारात बसल्यासारखी बसले. कधी लावतात, कधी नाही, काही पत्ता लागेना. वीसपैकी सोळा चुकले. मग दहा मीटर चालायला लावलं, नजर समोर ठेवून. सातव्या मीटरला मी आनेलीच्या अंगावर पडले. तिने मला धरलं आणि खाली बसवलं, आणि तिथे फरशीवर मी जी रडायला लागले ती थांबेचना.

त्या दिवशी तू समोर असतीस तर मी तुझं काय केलं असतं, सांगत नाही. परत येताना सबंध प्रवासात तुला मनातल्या मनात पत्रं लिहिली. एकही पाठवण्यासारखं नव्हतं.

जानेवारीत पाकीट उघडलं. मोठ्या डॉक्टरीणबाई माझ्यासमोर बसल्या. त्यांनी कागद बघितला आणि माझ्याकडे फिरवला. मिठाचं पाणी. मी त्यांना विचारलं, मग त्या दिवशी मान लाल का झाली होती? आधी सगळ्यांनाच एक गोळी देतात, तिने होतं म्हणाल्या. ऊब? त्यावर त्यांनी नुसता माझा हात धरला.

मला वाटलं होतं मी कोसळेन. उलटंच झालं. कात्री अजून गेलीच नव्हती, म्हणजे ती अजून जायची शिल्लक होती. फेब्रुवारीच्या सहा तारखेला खरं औषध चढवलं. ह्या वेळी खोळ नव्हती. सगळ्यांसमोर, उजेडात. रक्तातलं ते प्रथिन महिन्याभरात दहाव्या हिश्श्यावर आलं. परवाच्या तपासणीत पाय जिथे होते तिथेच आहेत. वाईट नाहीत, चांगले नाहीत, तिथेच.

डावा पाय परत यायचा नाही. घोट्याखाली काही नाही. ते सव्वा वर्ष गेलं माझं, आणि त्यातलं निदान अर्धं मी स्वतः हो हो म्हणत घालवलं. ऑर्गनवर आता मी उजवा पाय आणि दोन हात वापरते. पाद्रीबाई म्हणतात, कळत नाही. कळतं. पण तू फोन केला नसतास तर पुढचे सहा महिने मी तशीच पास होत राहिले असते, आणि उजवाही गेला असता. डॉक्टरीणबाईंनी हे स्पष्ट सांगितलं.

आभार मानायला बसले होते, जमत नाहीये. तू प्रार्थना केलीस ती फळली, आणि मग तूच ती मोडलीस. ह्याचे आभार कसे मानतात मला माहीत नाही.

उन्हाळ्यात मिडसमरच्या सणाला घरी येऊ का? आईच्या थडग्यावर जाऊ. भांडण झालं तर मी बर्येबरोबर मासे धरायला जाईन.

मारिट


लोंगविक, २६ मे २०२४

प्रिय मारिट,

ये. आभार नकोत. मला त्यांचं काय करायचं ते कळणार नाही.

रागावू नकोस, पण तुझं पत्र आलं तेव्हा आधी मी मिठाच्या पाण्याचं वाचलं आणि पत्र टेबलावर पालथं ठेवलं.  हे मी केलं, असंच वाटलं. देवाला माझं एवढं एकच ऐकायचं होतं! बर्येने उरलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. त्याला तेव्हाच सगळं कळलं, माझा अर्जसुद्धा. तो म्हणाला, "गुनवोर, ते पाकीट तू मागितलंस त्याच्या आधीच भरलं होतं." शहाणा आहे तो, कधीकधी.

योआरने रक्त दिलं. मी सांगितलं नव्हतं, तुझं ऐकून गेला. त्याच्यात आहे. पस्तिशीपासून वर्षाला एकदा मोजतील आणि पहिली खूण दिसली की लगेच उपाय करतील, असं म्हणाले. तोवर तुझी ही कात्री सगळ्यांना मिळायला लागली तर तो साठीतसुद्धा स्कीवर जाईल. हे त्याने मला स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं, आणि मला त्याचाही हेवा वाटला. माझ्या पोटच्या पोराचा. निमिषभर. मग मी त्याला घट्ट धरलं, आणि तो म्हणाला, "आई, हाडं मोडशील." त्याची मैत्रीण मुलाचं म्हणतेय. आता त्यांना ठरवायचंय की आधी तपासून गर्भ निवडायचा की जे येईल ते घ्यायचं. मला विचारलं. मी म्हटलं, ह्यात माझं मत मागू नका, मी शुद्धीवर नसते. तुझ्या डॉक्टरांचं बोलणं मात्र सगळं सांगितलं.

मागच्या शनिवारी आपल्या संघटनेची सभा होती, चर्चच्या हॉलमध्ये. पाल्टचे बटाट्याचे गोळे, लिंगनबेरीचा मुरंबा, कॉफी. तुझी गोष्ट आधीच पसरली होती, आपल्याकडे काय लागतं. एक तरुण मुलगी उठली, नुकतंच तिचं निदान झालेलं. तिने भर सभेत मला विचारलं, "बहिणीला मिळालं आणि तुम्हाला नाही. तुम्हाला आनंद झाला का?" सगळे पाल्टच्या ताटात बघायला लागले.

मी म्हटलं, "नाही. मी जळते. सकाळी पाय जमिनीवर टेकवते तेव्हा रोज जळते. पण फोन मीच केला होता, आणि उद्या परत करावा लागला तर नऊ वाजायची वाटसुद्धा बघणार नाही."

ती मुलगी नंतर माझ्याशेजारी येऊन बसली. तिला एक मोठा भाऊ आहे, निरोगी. आम्ही त्याला तासभर शिव्या दिल्या. तिला बरं वाटलं, मलाही.

तू शुक्रवारच्या दुपारच्या बसने ये. बर्ये गाडी घेऊन थांब्यावर येतो म्हणतोय, त्याला मी नको म्हणून सांगितलंय. थांब्यापासून घर चारशे मीटर आहे, सरळ रस्ता, उतार नाही. तुला जमत असेल तर चालत ये, सावकाश ये. मी खिडकीत बसून बघणार आहे. तू दारापर्यंत पोचेस्तोवर मला पोटभर जळून घेऊ दे, मग उठते आणि कॉफी ठेवते.

गुनवोर